रूढींचा न्याय कोणी करावा?
आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशने आणि तेथील लोकाचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी धर्म आणि समाज यांच्या संबंधांचा विचार आयुष्यभर केला आणि तो करीत असता आपल्या प्रांताच्या किंवा पंथाच्या वेशीपाशी थांबणे कधीही पसंत केले नाही. त्यांच्या त्या व्यापक जिज्ञासेचा आधार घेऊनच मी आज आफ्रिका खंडाकडे वळत आहे. ख्रिस्ती मिशने आणि तेथील लोकाचार यांचा संबंध हा माझा विषय. परंतु आफ्रिका हा काही एक देश नव्हे, तेथील लोकाचार एक नव्हेत आणि मिशनेही एका मुशीतली नव्हेत, म्हणून सबंध खंडाविषयी सरसकट विधाने करण्यापेक्षा मोजक्या ठिकाणी थांबून तेथे काय घडले ते नीट पाहावे, हे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

मिशनांविषयी आपल्याकडे दोन मते सिद्धच असतात. एका मताने, अज्ञानात आणि गुलामगिरीत खितपत पडलेल्या लोकांना मिशनऱ्यांनी अक्षर, औषध आणि सद्धर्म दिला; दुसऱ्या मताने, साम्राज्याच्या फौजांना वाट मोकळी करून देण्यासाठी पाद्री पुढे गेले आणि त्यांनी जिवंत संस्कृतींचा उच्छेद केला. दोन्ही मतांना आधार देणारी कागदपत्रे विपुल आहेत. तथापि या दोन्ही मतांत आफ्रिकी मनुष्याच्या वाट्याला कर्तेपण येत नाही. कोणी त्याला उद्धरतो, कोणी त्याला लुबाडतो, आणि तो स्वतः काहीच ठरवीत नाही. इतिहास तपशिलात पाहू लागले म्हणजे हे चित्र टिकत नाही. एखादी रूढी सदोष होती की निर्दोष, हा वादाचा एक भाग होता. त्या रूढीचा न्याय करण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याहून खोल भाग होता, आणि माझ्या मते मिशनांचे यशापयश मुख्यत्वेकरून या दुसऱ्या प्रश्नावर ठरले.

आरंभीचा एक प्रसंग आपल्या शेजारच्या गोव्याशी निगडित आहे, तो थोडक्यात सांगतो. जेझुइट संघाचा भारतातील प्रांताधिकारी राहिलेला गोन्सालो दा सिल्व्हेरा १५६० साली गोव्याहून मोझांबिकच्या किनाऱ्यास गेला आणि तेथून आत, झांबेझी नदीच्या दक्षिणेस राज्य करणाऱ्या मोनोमोतापाच्या दरबारी पोहोचला. लवकरच तरुण राजाने आणि राजमातेने बाप्तिस्मा घेतला. राजाच्या मसलतीतील मुसलमान व्यापाऱ्यांनी हा पाद्री जादूटोणा करणारा आहे असे राजाच्या मनात भरविले, आणि १५६१ च्या मार्चमध्ये सिल्व्हेरा मारला गेला. काही वर्षांनी त्याच्या वधाचे निमित्त पुढे करून पोर्तुगालने त्या मुलखावर फौज धाडली. तिचा सेनापती फ्रान्सिस्को बार्रेतो हा पूर्वी गोव्यास गव्हर्नर होता आणि सोन्याच्या खाणी हे त्या मोहिमेचे खरे लक्ष्य होते. रोगराईने त्या फौजेची धूळधाण केली. राजा बाटला म्हणजे रयत मागोमाग येईल, हा युरोपात रूढ असलेला हिशेब मोनोमोतापाच्या राज्यात असा पहिल्याच पिढीत खोटा ठरला.

यानंतर तीनशे वर्षांनी तोच हिशेब मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनपुढे एका निराळ्या रूपाने उभा राहिला. आजच्या बोट्स्वाना देशात बाक्वेना नावाच्या जमातीचा सेचेले नावाचा राजा होता. लिव्हिंगस्टनने त्याच्या लोकांबरोबर १८४७ साली कोलोबेंग नदीच्या काठी वसती केली. सेचेले विलक्षण बुद्धीचा पुरुष. मुळाक्षरे त्याने एक-दोन दिवसांत हस्तगत केली आणि पुढे यशया संदेष्ट्याचा ग्रंथ तो मोठ्या आवडीने वाचू लागला. आपले लोक केवळ उपदेशाने ऐकतील हे त्याला खरे वाटत नसे. सरदारांना बोलावून गेंड्याच्या कातड्याच्या चाबकांनी सगळ्यांना एकदम श्रद्धावान करून टाकू, अशी तयारी त्याने पाद्रीबावांना दाखविली होती. लिव्हिंगस्टनने अर्थातच ती नाकारली. १८४८ साली सेचेलेने बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यासाठी त्याला पाच बायकांपैकी चौघींना माहेरी पाठवावे लागले. राज्य सावरताना ज्या सरदारांनी त्याला साथ दिली, त्यांच्याच घरच्या या मुली होत्या. ज्या सोयरिकींवर एका राज्याची घडी बसली होती त्या अशा एका दिवसात तुटल्या, आणि कसलाही अपराध नसलेल्या स्त्रिया आपापल्या मुलांचे भवितव्य अधांतरी टाकून परतल्या.

त्यातच दुष्काळ पडला. बाक्वेनांच्या समजुतीप्रमाणे पाऊस आणणे हे राजपदाचेच कर्तव्य होते आणि सेचेले स्वतः नामांकित पर्जन्यवैद्य होता. बाप्तिस्म्याबरोबर त्याने ती विद्या सोडली. भोवतालच्या जमातींच्या शिवारात पाऊस पडावा आणि आपल्या शिवारावरून ढग कोरडे निघून जावेत, याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल हे ज्या समाजाचे डोळे मृगाच्या ढगांकडे लागलेले असतात त्या आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. लिव्हिंगस्टनने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात एका पर्जन्यवैद्याशी झालेला वाद नमूद करून ठेवला आहे. पाऊस औषधाने पडत नाही, तो केवळ देवाच्या हातचा आहे, असे लिव्हिंगस्टन म्हणतो. त्यावर वैद्याचा युक्तिवाद असा की, आम्हीही देवाचीच प्रार्थना करतो, औषध हे त्या प्रार्थनेचे साधन. तुम्ही रोग्याला औषध देता, कधी तो बरा होतो आणि कधी मरतो, म्हणून तुम्ही वैद्यक सोडून देता काय? मग पाऊस कधी येतो आणि कधी येत नाही, एवढ्यावरून आमची विद्या खोटी कशी ठरते? या वादात आपण जिंकलो असे लिव्हिंगस्टन म्हणत नाही, आणि ज्यात आपला जय झाला नाही असा संवाद त्याने जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्याच्याविषयी नितांत आदर वाटतो.

बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच परत पाठविलेल्या स्त्रियांपैकी एकीला सेचेलेपासून दिवस गेल्याचे उघडकीस आले. लिव्हिंगस्टनने त्याला प्रभुभोजनातून वगळले आणि पुढे तो स्वतःही उत्तरेच्या प्रवासाला निघून गेला. लिव्हिंगस्टनच्या नावावर चरित्रकार सहसा हे एकच धर्मांतर मांडतात, आणि तेही फसले असे म्हणून प्रकरण मिटवितात. ते फसले नव्हते. पाद्री निघून गेल्यावर सेचेलेने शाळा चालविली, उपासना चालविली, शेजारच्या जमातींत स्वतः उपदेश केला. बायबल वाचणाऱ्या या राजाने पाऊस आणण्याचे विधीही पुन्हा हाती घेतले आणि बायकाही पुन्हा ठेवल्या. त्याचे राज्य १८९२ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, चालले आणि त्या भागात ख्रिस्ती धर्म रुजविण्यात त्याच्याइतका वाटा क्वचितच कोणा युरोपियनाचा असेल. काय घ्यावे आणि काय ठेवावे याचा फैसला सेचेलेने स्वतः केला. तो शास्त्रशुद्ध होता की नाही हे धर्मपंडितांनी ठरवावे. तो फैसला त्याचा होता आणि त्याचे फळ धरले, एवढे इतिहास सांगतो.

बहुपत्नीत्वाच्या या प्रश्नावर मिशनांच्या गोटातूनच एक खणखणीत आवाज उठला होता, त्याची नोंद न करणे अन्यायाचे होईल. नाताळ प्रांताचा अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो याने १८५५ सालीच असे मत मांडले की, ज्या पुरुषाने आपल्या समाजाच्या धर्मरीतीप्रमाणे अनेक विवाह केले आहेत त्याला बाप्तिस्म्याची किंमत म्हणून बायका टाकायला लावणे हे पाप आहे; टाकलेल्या स्त्रीने जावे कुठे आणि तिच्या मुलांनी बाप कोणाला म्हणावे? कोलेन्सोने झुलू भाषेचा कोश रचला, व्याकरण लिहिले, आणि बायबलाचे भाषांतर करीत असता त्याच्या विल्यम न्गिदी नावाच्या झुलू साहाय्यकाने त्याला विचारले की जलप्रलयाची ही कथा खरोखर घडली असे तुम्ही मानता काय. त्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे बिशपच्या सदसद्विवेकाला रुचले नाही. १८६२ पासून त्याने जुन्या करारातील पहिल्या ग्रंथांची चिकित्सा करणारे खंड प्रसिद्ध केले, त्यापायी पाखंडाच्या आरोपावरून त्याला पदच्युत करण्याचा हुकूम निघाला, आणि तो हुकूम पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने रद्द ठरविला. शिकवायला गेलेल्या गुरूने शिष्याचा प्रश्न इतका गंभीरपणे घ्यावा, याचे दुसरे उदाहरण त्या शतकाच्या मिशन-इतिहासात मला तरी दिसत नाही. ह्लुबी जमातीचा राजा लांगालिबालेले याच्यावर १८७४ मध्ये जो अन्याय्य खटला चालला त्याविरुद्ध आणि १८७९ च्या झुलू युद्धाविरुद्ध हाच बिशप उभा राहिला. झुलू लोकांनी त्याला जनतेचा पिता या अर्थाचे नाव दिले. त्याच्या मताला मात्र चर्चने दाद दिली नाही. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये असा ठराव अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लँबेथ परिषदेने केला, आणि पुन्हा विवाह न करण्याच्या अटीवर त्याला कुटुंबासह स्वीकारावे, हे त्याच परिषदेने मान्य केले ते १९८८ साली. या शंभर वर्षांत किती घरे मोडली असतील याची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

आता नाशिककडे येतो. आपल्यापैकी पुष्कळांनी शरणपूर रस्त्यावरून येजा केली असेल. परंतु ज्या शरणपुरावरून त्या रस्त्याला नाव पडले, तेथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आफ्रिकी मुलांचे एक आश्रयस्थान होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबते इंग्रज आरमार पकडी, त्यांवरची मुले मुंबई सरकारच्या स्वाधीन होत, आणि त्यांतील कित्येक नाशिकला पाठविली जात. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली ती अक्षरे शिकत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत. लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईस आला तेव्हा आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी त्याने या नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण नेले. पुढे त्याच्या शोधार्थ धाडलेल्या लोकांत याच शाळेचा जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंगस्टनने आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी देह ठेवला तेव्हा सुसी आणि चुमा या त्याच्या सेवकांच्या पुढाकाराने बरोबरच्या आफ्रिकी लोकांनी त्याचे हृदय तेथील झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि त्या झाडावर लेख कोरला. मग देह मिठात आणि उन्हात सुकवून, हजार मैलांहून अधिक अंतर तुडवून त्यांनी तो समुद्रकाठी पोहोचविला. यांतील चुमा मुंबईत डॉक्टर विल्सन या मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीने झांजिबारच्या सुलतानाशी १८७३ साली तह झाला आणि तेथला गुलामांचा बाजार बंद पडला. त्यानंतर प्राइससाहेब मोंबासा बंदराजवळ गेले, आणि फ्रिअर टाउन या नावाने मुक्त गुलामांची जी वसाहत तेथे उभी राहिली तिचा कणा नाशिकहून परतलेले हे आफ्रिकी स्त्रीपुरुष होते. त्यांतील विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टनने धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी आजच्या युगांडातील बुसोगात हॅनिंग्टनचा वध झाला; तेव्हा त्याच्याबरोबर निघालेला उरलेला तांडा जोन्सने परत आणला. रबाई येथील मिशनात, विशेषतः जोन्सच्या अमदानीत, धन्यांकडून पळालेले गुलाम आसरा घेत. १८८८ मध्ये त्यावरून मोठे वितुष्ट आले आणि अखेरीस धन्यांना भरपाई देऊन हजाराहून अधिक लोकांना मुक्ततेच्या सनदा देण्यात आल्या.

या माणसांकडे पाहिले म्हणजे आपला मुख्य प्रश्न अधिक बिकट होतो. लोकाचाराचा उच्छेद मिशनांनी केला, असे आपण म्हणतो तेव्हा जेकब वेनराइटच्या पिढीचा लोकाचार कोणी हिरावला होता याचा विचार करावा लागेल. तो गुलामांच्या व्यापाऱ्याने हिरावला होता. कुल, गोत्र, पितरांची स्थाने आणि मातृभाषासुद्धा त्यांच्यापासून बालपणीच तुटली होती. चर्च हेच त्यांचे गाव आणि सोबती हेच त्यांचे गोत्र बनले. अशा माणसाला परंपरा सोडल्याबद्दल दोष देणे मला क्रूरपणाचे वाटते.

याउलट ज्यांची परंपरा शाबूत होती अशांची कथा पाहण्यासाठी मोंबासा ज्यात आहे त्याच केन्या देशात, परंतु किनाऱ्यापासून दूर, किकुयू लोकांच्या डोंगराळ मुलखात जावे लागेल. आणि येथे मला जास्त वेळ थांबायचे आहे. स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन थोगोटो आणि टुमुटुमु येथे, आफ्रिका इनलँड मिशन किजाबे येथे. शाळा आणि दवाखाने यांमुळे लोकांचा ओढा मिशनांकडे होता. किकुयूंच्या जीवनात ‘ईरुआ’ नावाचा संस्कार फार महत्त्वाचा. मुलगा वा मुलगी त्यातून गेली म्हणजे ती प्रौढ गणली जाई, आपल्या वयाच्या पिढीगणात दाखल होई, आणि विवाह, वारसा, मसलत या सर्वांतला तिचा अधिकार त्यापासून सुरू होई. मुलींच्या बाबतीत या संस्कारात जननेंद्रियाचा छेद होई. मिशनच्या डॉक्टरांनी त्याचे परिणाम आपल्या दवाखान्यांत डोळ्यांनी पाहिले होते; रक्तस्राव, जंतुदोष, आणि बाळंतपणात माता व मूल या दोघांच्या जिवावर बेतणारे अडथळे. हे त्यांनी सांगितले ते खरे होते, आणि परंपरेच्या अभिमानाने त्या वेदनांकडे डोळेझाक करणारा कोणताही युक्तिवाद मला मान्य नाही.

परंतु १९२९ साली मिशनांनी काय केले? डॉक्टर जॉन आर्थर यांच्या पुढाकाराने त्यांनी आपल्या सभासदांपुढे मुचलका ठेवला. मुलींचा छेद करणार नाही, आणि किकुयू सेंट्रल असोसिएशन या राजकीय संस्थेशी संबंध ठेवणार नाही, असे लिहून त्यावर अंगठा उठवावा. न उठविल्यास मंडळीतून नाव कमी आणि शाळेतून शिक्षकाची चाकरी बंद. अंगठ्याच्या ठशाला किकुयू भाषेत ‘किरोरे’ म्हणतात आणि तेच त्या प्रकरणाचे नाव पडले. देहाच्या एका गंभीर प्रश्नाला अशी राजनिष्ठेची जोड देण्यात आली, आणि तीही अशा काळी की जेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी किकुयूंच्या उत्तम जमिनी बळकावल्या होत्या. मुलींचे संस्कार बंद पाडून गोरे लोक त्यांच्याशी लग्ने लावतील आणि त्या वाटेने उरलेली जमीनही घेतील, अशी भुमका उठली. ती निराधार असली तरी जमीन गेलेल्या लोकांना ती खरी वाटली यात नवल नाही. ‘मुथिरिगु’ नावाचे उपहासगीत गावोगाव नाचले जाऊ लागले आणि १९३० मध्ये सरकारने त्यावर मनाई हुकूम काढला. त्याच वर्षाच्या जानेवारीत किजाबे येथे हुल्डा स्टंफ या वृद्ध अमेरिकन मिशनरी बाईंचा निर्घृण खून झाला.

मिशनच्या मंडळ्या आणि शाळा ओस पडल्या. परंतु पुढे जे घडले ते फार अर्थपूर्ण आहे. मिशन सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ख्रिस्त सोडला नाही आणि पुस्तक तर मुळीच सोडले नाही. किकुयू भाषेतला नवा करार १९२६ सालीच छापून लोकांच्या हाती आला होता. अब्राहाम आणि याकोब यांच्या घरच्या गोष्टी लोक जाणत होते, आणि मिशन ज्या गोष्टी देवाची आज्ञा म्हणून सांगते त्यांतल्या कोणत्या ग्रंथात आहेत आणि कोणत्या केवळ स्कॉटलंडच्या रीती आहेत, हे ते स्वतः तपासू लागले. त्यांनी पदरमोड करून स्वतंत्र शाळा उभारल्या, त्यांच्या संघटना बांधल्या, आणि आपले पाद्री तयार करण्यासाठी १९३५ साली दक्षिण आफ्रिकेतून आर्चबिशप डॅनिअल विल्यम अलेक्झांडर यांना बोलावून घेतले. गिथुंगुरी येथे १९३९ मध्ये शिक्षकांचे महाविद्यालय निघाले. १९५२ साली सरकारने आणीबाणी पुकारली आणि या शाळांना कुलपे घातली, तोवर एक सबंध पिढी त्यांतून शिकून बाहेर पडली होती.

मराठी श्रोत्यांना येथे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. सुधारणा हवी, पण ती परक्या सरकारच्या हुकमाने नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू आपल्याला परिचित आहे. आणि सुधारणा लांबणीवर पडते तितकी वर्षे कोणाच्या देहावर काय गुदरते, असे विचारणाऱ्यांची बाजूही. किकुयू प्रकरणात पहिली बाजू जोमो केन्याटा यांनी समर्थपणे मांडली. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ईरुआचे सामाजिक प्रयोजन जितक्या बारकाईने उलगडले तितके कोणा युरोपियनाला साधले नव्हते, आणि संस्कार न झालेल्या मुलीशी विवाह करण्याचा विचारही सच्चा किकुयू करणार नाही, असे त्यांनी त्यात बजावले. तो ग्रंथ मी आदराने वाचला आहे. परंतु जी मुलगी हा संस्कार नाकारू पाहील तिला त्यात कुठे जागा आहे, याचा शोध मी घेतला आणि ती मला सापडली नाही. न्यायासनावर मिशन बसले होते. त्याला उठवून तेथे वृद्धांची सभा आणि तिचे तरुण पुढारी बसले. जिच्या देहाचा प्रश्न होता तिची कैफियत दोघांनीही ऐकली नाही.

हे काही केवळ किकुयूंपुरते नव्हते, याचा पुरावा शेजारच्या मेरू जिल्ह्यात मिळतो. तेथील ‘न्जुरी न्चेके’ या पुरुषांच्या पंचसभेने, जिल्हाधिकाऱ्यांच्या उत्तेजनाने, १९५६ साली मुलींच्या छेदावर बंदी घातली. ठराव सुधारणेचा होता आणि तो आफ्रिकी सभेने केला होता. परिणाम असा झाला की, कोवळ्या मुलींनी जंगलात जाऊन आपल्याच हातांनी, एकमेकींवर, वस्तऱ्याच्या पात्यांनी तो छेद केला. ‘न्गाइताना’, म्हणजे मी स्वतःच करून घेईन, असे त्यांनी स्वतःला म्हणवून घेतले. पुढच्या तीन वर्षांत हुकूम मोडल्याबद्दल २,४०० हून अधिक मुली, स्त्रिया आणि पुरुष यांच्यावर खटले भरण्यात आले. हा प्रसंग वाचून माझे मन विषण्ण झाले. या मुलींनी स्वातंत्र्याचा अर्थ आपल्या देहावर जखम करून सांगितला, कारण तो अन्य रीतीने सांगण्याची वाट त्यांना कोणीच ठेवली नव्हती.

दुसरी वाट असू शकते हे मात्र दक्षिण टांगानिकातील मसासी येथे दिसून आले होते. बिशप स्टीअर यांनी १८७६ मध्ये झांजिबारच्या मुक्त गुलामांना घेऊन हे ठाणे वसविले. तेथील याओ, माकुआ आणि माकोंडे लोकांत मुलांच्या दीक्षेचा ‘जांदो’ नावाचा मोठा सोहळा होत असे. तेथे आलेल्या आणि १९२६ मध्ये बिशप झालेल्या व्हिन्सेंट लुकस यांनी तो बंद पाडण्याऐवजी गावचे वृद्ध आणि आफ्रिकी पाद्री यांच्याशी मसलत करून जे चर्चच्या शिकवणुकीला सर्वथा विरुद्ध तेवढे वगळले, शस्त्रक्रिया स्वच्छतेने करविली, आणि उरलेला सोहळा रानातल्या त्या कुटीसकट ख्रिस्ती उपासनेत आणला. मुलींच्या दीक्षेच्या बाबतीत त्यांना तितके यश आले नाही. तरीसुद्धा वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून रूढीची छाननी करता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले, आणि असे बिशप अधिक निघाले असते तर केन्याचा इतिहास निराळा झाला असता असे मला वाटते.

काँगोतील सिमोन किंबांगु याची कथा तर मिशनांनी स्वतःशी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. बाप्टिस्ट मिशनात दीक्षा घेतलेल्या या पुरुषाने १९२१ च्या एप्रिलमध्ये न्काम्बा या आपल्या गावी रोग्यांवर हात ठेवून प्रार्थना करण्यास आरंभ केला. हजारोंचे जमाव लोटले. त्याने लोकांना सांगितले की ताईत आणि देवक फेकून द्या, अनेक बायका करू नका, ढोलांवरची ती नृत्ये सोडा. नेमक्या याच गोष्टी मिशने कित्येक वर्षे सांगत आली होती आणि लोक ऐकत नव्हते. किंबांगुच्या शब्दासरशी वाटेच्या कडेला टाकलेल्या ताइतांचे ढीग पडले. बेल्जियन सरकारला त्यात बंड दिसले. सप्टेंबरमध्ये त्याला कैद झाली, लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा फर्मावली, राजाने ती जन्मठेपेत बदलली, आणि तीस वर्षे तुरुंगात काढून तो १९५१ मध्ये तेथेच मरण पावला. त्याच्या पत्नीने, मारी मुइलू हिने, अनुयायांना सांभाळले. त्याच्या नावाचे चर्च १९६९ साली जागतिक चर्च परिषदेत दाखल झाले. परंपरा कधी बदलू नये असे आफ्रिकी लोकांचे म्हणणे होते, हा समज किंबांगुच्या चरित्रापुढे क्षणभरही टिकत नाही.

शेवटी मुलींच्या दीक्षेच्या प्रश्नाकडे परत येतो. केन्यातील थराका भागात १९९६ साली काही माता आणि त्यांच्या मुली यांनी, ‘मायंदेलेओ या वानावाके’ या स्त्रीसंघटनेच्या साहाय्याने, एक नवा दीक्षाविधी सुरू केला. मुलींनी काही दिवस एकांतात राहावे, वडील स्त्रियांनी त्यांना प्रौढ जीवनाचे शिक्षण द्यावे, मग सबंध गावाने मेजवानी, गाणी आणि भेटी देऊन त्यांचे स्वागत करावे. छेद मात्र करू नये. पिढीगणात प्रवेश मिळाला, मान मिळाला, आणि देह अक्षत राहिला. १९२९ साली मिशनने आणि १९५६ साली पंचसभेने जे हुकमाने साधू पाहिले, ते येथे स्त्रियांनी आपल्या अंगणात आपल्या बुद्धीने सुरू केले. त्या मुलखातून रूढी पुरती गेली असे कोणी समजू नये. केन्याला त्यासाठी २०११ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

श्रोतेहो, आज मी जे सांगितले त्यातले बरेचसे मिशनरी, बिशप आणि पुढारी यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले आहे. सेचेलेचे मन आपण लिव्हिंगस्टनच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्या चार स्त्रियांचे तर मुळीच पाहत नाही. ही उणीव दूर करण्याच्या कामात आपल्यालाही वाटा उचलता येईल. मुंबई आणि नाशिक येथील जुन्या मंडळ्यांकडे बाप्तिस्म्याच्या, शाळांच्या आणि दफनाच्या ज्या वह्या अजून शिल्लक असतील, त्यांत गलबतांवरून उतरविलेल्या त्या आफ्रिकी मुलामुलींची नावे सापडण्याचा संभव आहे. आपल्यातील तरुण संशोधकांना माझी विनंती आहे की, कसर लागून ती पाने जाण्यापूर्वी त्यांनी ती उतरून घ्यावीत, त्या नावांचा मोंबासा आणि रबाईपर्यंत माग काढावा, आणि जे हाती लागेल ते मराठीत छापावे.